कंडेन्सिंग बॉयलरचे पाणी कोठे आणि कसे सोडावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्वयंपाकघरात, बाहेरच्या बाजूच्या भिंतीला, गॅसचा नवा कंडेन्सिंग बॉयलर (जळालेल्या वायूतली वाफ साकळवून तिचीही उष्णता वापरणारा, घर तापवणारा बॉयलर) बसवला जात आहे. त्यातून सतत थोडे थोडे पाणी निघते आणि ते आम्लधर्मी असते, असे आपल्या वाचनात आले आहे. बसवणारा कारागीर मात्र एक बारीक प्लॅस्टिकची नळी भिंतीतून आरपार काढून, बाहेरून पाच-सहा मीटर फिरवून, छपराच्या पावसाळी पाइपात सोडायचे म्हणतो. हे चालेल का, हे पाणी घातक आहे का, आणि बागेत सोडले तर झाडांना अपाय होईल का, असे आपण विचारले आहे.

कारागिराची योजना जशी आहे तशी स्वीकारू नये, हे आधीच सांगतो. पण त्याचे मुख्य कारण आम्ल नव्हे. गेली अनेक वर्षे असे बॉयलर बसवताना आणि त्याहून अधिक वेळा दुसऱ्यांनी बसवलेले दुरुस्त करताना मला दिसले ते असे, की लोक आम्लाला नको तितके भितात आणि ज्या दोन गोष्टींना भ्यायला हवे त्यांचा विचारही करत नाहीत. पहिली गोष्ट म्हणजे नळी गोठून किंवा तुंबून पाणी उलट बॉयलरमध्ये चढणे, आणि दुसरी म्हणजे बॉयलरच्या तळच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी धरून वायू अडवणाऱ्या वाकड्या कपात, पाणी नसल्यामुळे जळालेला वायू निचऱ्याच्या नळीतून घरात येणे. पहिल्या चुकीमुळे ऐन थंडीत घर गार पडते, तर दुसरी चूक जिवावर बेतू शकते.

आधी हे पाणी येते कोठून ते पाहू, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावरून सुचतात. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेन जळला की कार्बन डायऑक्साइडबरोबर पाण्याची वाफ तयार होते. एक घनमीटर वायूमागे ही वाफ सुमारे 1.6 किलो भरते. जुन्या पद्धतीच्या बॉयलरमध्ये ती धुराड्यातून तशीच निघून जात असे आणि तिच्यातली सुप्त उष्णताही तिच्याबरोबर वाया जात असे. कंडेन्सिंग बॉयलरमध्ये रेडिएटरकडून, म्हणजे खोल्या तापवणाऱ्या पाण्याच्या पट्ट्यांकडून, परत येणारे पाणी पुरेसे थंड, म्हणजे सुमारे 55 अंश सेल्सिअसच्या खाली असेल, तर हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे ज्वालेची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाच्या, गार पृष्ठभागावर ही वाफ दवासारखी साकळते आणि तिची उष्णता घराच्या उपयोगी पडते. म्हणजे निचऱ्याच्या नळीतून पाणी जास्त येत असेल तर त्यात काही बिघडलेले नाही, उलट आपला बॉयलर काटकसरीने चालला आहे. थंडीच्या दिवसांत पाण्याचा टिपूस दिसत नसेल, तर एक तर परतीचे पाणी फार गरम येत आहे किंवा निचरा कोठेतरी अडला आहे असे समजावे.

प्रमाणाचा अंदाजही असू द्यावा. चांगल्या चालणाऱ्या घरगुती बॉयलरमधून वायूच्या प्रत्येक किलोवॉट-तासामागे ढोबळमानाने 0.1 लिटर पाणी निघते असे धरावे. थंडीच्या एका दिवसात 80 किलोवॉट-तास इतका वायू जळला तर आठ लिटर पाणी, म्हणजे अर्धी बादली. दहा किलोवॉटवर चालणाऱ्या बॉयलरमधून तासाला सुमारे एक लिटर, म्हणजे मिनिटाला सोळा-सतरा मिलिलिटर पाणी येते. याला धारही म्हणता येत नाही, ती थेंबांची एक अखंड माळ असते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण गोठण्याचे सारे संकट या मंद गळतीतूनच उद्भवते.

आता आम्लाविषयी. वाफ साकळताना तिच्यात कार्बन डायऑक्साइड आणि ज्वालेत तयार झालेले थोडे नायट्रोजनचे ऑक्साइड विरघळतात, त्यामुळे गॅस बॉयलरच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारणपणे 3 ते 5 च्या दरम्यान राहतो. लिंबाचा रस याहून आंबट असतो. हाताला हे पाणी लागले तर धुऊन टाकावे, पिऊ नये आणि डोळ्यांत जाऊ देऊ नये. इतकी काळजी माणसासाठी पुरेशी आहे. मात्र हेच पाणी वर्षानुवर्षे एकाच जागी थेंबथेंब पडत राहिले तर तांबे, जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड, साधे पोलाद, बिडाचा पाइप, सिमेंटचे चेंबर आणि चुन्याची दर्ज यांना ते खाऊन टाकते. एका घरात बॉयलरनंतर दीडएक मीटर तांब्याची नळी केवळ दिसायला नीटनेटकी म्हणून लावलेली मी पाहिली आहे. तिच्या खालच्या बाजूला, जेथून पाणी वाहत होते तेवढ्याच पट्टीत, हिरवट पुटे चढली होती आणि बोटाने चाचपताच सुईच्या टोकाएवढी छिद्रे लागत होती. वरची बाजू मात्र नव्यासारखी लखलखीत होती. म्हणून बॉयलरपासून शेवटच्या टोकापर्यंत नळी प्लॅस्टिकचीच असावी: पीव्हीसी, एबीएस किंवा पॉलिप्रोपिलीन यांपैकी कोणतीही चालते, फक्त एकाच ओळीत भलत्याच जातीचे जोड आणि भलतेच सॉल्व्हंट (जोड चिकटवायचे द्रव) मिसळू नयेत. तेलावर चालणाऱ्या बॉयलरचे पाणी गंधकामुळे याहूनही आम्लधर्मी असते. तेथे नळीच्या वाटेत चुनखडीचा डबा, म्हणजे आम्ल मारणारी चुनखडीची खडी भरलेला डबा, मी आग्रहाने बसवायला सांगतो.

हे पाणी सोडायचे कोठे, याचा क्रम माझ्या मनात पक्का आहे. सर्वांत उत्तम जागा म्हणजे घराच्या आतून जाणारा संडासाचा उभा पाइप. तो रुंद असतो, सहसा तुंबत नाही, घराच्या उबेत असल्यामुळे गोठत नाही आणि त्यातून जाणारे घरचे इतर सांडपाणी बॉयलरचे थोडेसे आम्ल सहज पातळ करते. फक्त जोड उभ्या पाइपाच्या पायथ्याच्या वळणाजवळ देऊ नये. त्या वळणाच्या तळापासून किमान 450 मिलिमीटर वर द्यावा, नाहीतर वरच्या मजल्यावरून एकदम आलेले पाणी तेथे फुगून उलट आत घुसते. तो पाइप जवळ नसेल तर स्वयंपाकघराच्या सिंकचा किंवा कपडे धुण्याच्या यंत्राचा निचरा ही दुसरी चांगली जागा आहे. आपला बॉयलर स्वयंपाकघरातच आहे, म्हणजे सिंक हाकेच्या अंतरावर असणार. तरीही कारागीर बाहेर पाच-सहा मीटर नळी का फिरवतो आहे, हे त्याला अवश्य विचारावे. बहुतेक वेळा उत्तर इतकेच असते, की भिंतीला भोक पाडणे हे सिंकखालचे कपाट रिकामे करण्यापेक्षा सोपे असते.

सिंकला जोडताना एक खबरदारी घ्यावी लागते. सिंकचा निचरा तेलकटपणाने तुंबणे ही रोजची गोष्ट आहे आणि तसे झाले तर खरकटे पाणी बॉयलरकडे चढता कामा नये. यासाठी मध्ये हवेची फट ठेवतात: बॉयलरकडून येणारी नळी एका छोट्या उघड्या नरसाळ्यात सुटते, आणि त्या नरसाळ्याखालून दुसरी नळी पुढे जाते. हे नरसाळे सिंकच्या काठापेक्षा वर असले, की सिंक काठोकाठ भरले तरी पाणी सिंकमधूनच सांडेल, बॉयलरपर्यंत पोहोचणार नाही. नरसाळ्याखाली 75 मिलिमीटर पाणी धरणारा ट्रॅप बसवावा, म्हणजे गटाराची दुर्गंधी त्या फटीतून घरात येणार नाही.

घराच्या आत काहीच सोय होत नसेल तरच बाहेर जावे. बाहेरही पहिली पसंती सांडपाण्याच्या गली ट्रॅपला, म्हणजे वर जाळी आणि आत पाणी धरलेल्या जमिनीतल्या निचऱ्याच्या तोंडाला, द्यावी. नळीचे टोक जाळीच्या खाली पण आतल्या पाण्याच्या पातळीच्या वर राहील असे बसवावे. जाळीवर पाणी सोडले तर थंडीत जाळीवरच बर्फाची टोपी बसते, आणि टोक पाण्यात बुडाले तर त्या साचलेल्या पाण्याबरोबर तेही गोठते. पावसाळी पाइप हा माझ्या यादीत फार खालचा पर्याय आहे. पुष्कळ ठिकाणी पावसाचे पाणी वेगळ्या वाहिनीतून प्रक्रिया न होता थेट ओढ्यात किंवा नदीत जाते आणि तेथे बॉयलरचे पाणी सोडायला नियमांनी मनाई असते. पावसाळी पाइप पालापाचोळ्याने तुंबला तर मुसळधार पावसात छपराचे सारे पाणी बॉयलरच्या नळीत शिरू पाहते, आणि तो धातूचा असेल तर तो गंजतोही. सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच गटारात जाते याची खात्री असेल आणि नियमाची परवानगी असेल तरच हा मार्ग घ्यावा, आणि तेव्हाही हवेची फट घराबाहेर ठेवून घ्यावा.

बागेविषयी विचारले आहे म्हणून: जमिनीच्या वर उघड्यावर पाणी सोडू नये. एकदा दोनदा पडलेल्या पाण्याने झाड मरत नाही, पण हंगामभर एकाच जागी रोज अर्धी बादली आम्लधर्मी पाणी पडले तर तेथील माती बिघडते, शेवाळ धरते, आणि थंडीत पायवाटेवर बर्फाचा घसरडा पापुद्रा तयार होतो. शोषखड्डा करता येतो. सुमारे 100 मिलिमीटर व्यासाचा छिद्रांचा प्लॅस्टिक पाइप जमिनीत उभा गाडून आत आणि भोवती चुनखडीची खडी भरावी, छिद्रे घराच्या विरुद्ध बाजूला ठेवावीत, आणि खड्डा पायापासून किमान अर्धा मीटर दूर व गॅसच्या नळ्या आणि विजेच्या तारा यांपासून मोकळ्या जागी घ्यावा. चुनखडी आम्लाला मारते आणि पाणी हळूहळू मुरते. चिकण मातीत मात्र हा खड्डा भरून राहतो. खणलेल्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात मुरते ते पाहिल्याखेरीज त्यावर विसंबू नये.

आता नळीची मांडणी, जेथे खरे कौशल्य लागते. घराच्या आत 22 मिलिमीटर बाह्य व्यासाची नळी पुरते. बाहेर तेवढी नळी अजिबात चालणार नाही. तेथे आतला व्यास किमान 30 मिलिमीटर हवा, म्हणजे बाजारात 32 मिलिमीटर म्हणून मिळणारी नळी घ्यावी. ही जाडी भिंतीच्या आतच बदलावी, म्हणजे भोकातून जाड नळीच बाहेर पडेल, आणि उबेचे आवरणही भोकातूनच सुरू करावे. भिंतीच्या जाडीत उघडी राहिलेली चार बोटे नळी गोठायला पुरेशी असते. बाहेरची लांबी शक्य तितकी कमी, फार तर तीन मीटर असावी. आपल्या कारागिराची पाच-सहा मीटरची बारीक नळी ही नेमकी येथे नापास होते.

उतार मीटरला किमान 45 मिलिमीटर द्यावा. दोन मीटरच्या ओळीत हा फरक 90 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ चार बोटांची रुंदी होतो. तो डोळ्यांना वाकडा दिसतो, आणि म्हणूनच दिसायला बरे वाटावे म्हणून कारागीर तो कमी करतात. मी पाणसळ घेऊन स्वतः तपासतो आणि ग्राहकालाही पाहायला लावतो. आडव्या नळीला दर अर्ध्या मीटरवर क्लॅम्प हवा, नाहीतर प्लॅस्टिक हळूहळू लवते, मध्ये पोट पडते आणि त्या पोटात पाणी साचून राहते. बर्फ नेहमी तेथूनच धरायला सुरुवात करतो. काटकोनी एल्बो टाळून लांब वळणाचे बेंड वापरावेत, कापलेल्या टोकांवरची भुसकट घासून काढावी, आणि उघड्यावर संपणारे टोक 45 अंशांत तिरपे कापावे, म्हणजे थेंब टोकाला लटकत न राहता निसटतो. बाहेरच्या भागाला सुमारे 19 मिलिमीटर जाडीचे, पाणी आणि ऊन सोसणारे आवरण सलग घालावे. कोपऱ्यावर आवरणाला खाच पडते ती तशीच सोडू नये; बहुतेक ठिकाणी मला बर्फ त्या उघड्या खाचेखालीच सापडला आहे.

थंडीचा प्रश्न कल्पनेतला नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल 2005 पासून नवे गॅस बॉयलर कंडेन्सिंग असणे बहुतांशी बंधनकारक झाले, आणि डिसेंबर 2010 च्या कडाक्याच्या थंडीत तेथे हजारो घरांचे बॉयलर केवळ ही नळी गोठल्यामुळे, सर्वांत गरज असताना, बंद पडले. गोठते ती एकदम नाही. थेंबांची माळ नळीच्या थंड तळावरून पातळ पट्ट्यासारखी सरकते, वाटेतच थिजते, आणि तिच्यावर पुढचा थर चढतो. आतून मेणबत्तीसारखी जाड होत जाऊन नळी काही तासांत भरते. म्हणून काही उत्पादक बॉयलरच्या आत सायफनचा ट्रॅप देतात, जो पाणी थेंबाथेंबाने न सोडता साठवून एका झटक्यात ओततो. बॉयलर निवडताना ही सोय आहे का ते पाहावे, पण ती आहे म्हणून बारीक नळीला माफी देऊ नये.

एका घरची तक्रार अशी होती, की बॉयलर पहाटे बंद पडतो आणि दुपारी पुन्हा चालवला तर मुकाट चालतो. ग्राहकाने तोवर दोन सुटे भाग बदलून घेतले होते. मी गेलो तेव्हा बॉयलरमधून ओढे वाहावेत असा गुडगुड आवाज येत होता. तो आवाज म्हणजे हीट एक्स्चेंजरच्या तळाशी पाणी साचल्याची खूण असते. बाहेर पूर्वेच्या भिंतीवर नळीला मधोमध पोट पडले होते, आणि सकाळचे ऊन भिंतीवर आले की त्यातला बर्फ वितळून जाई. सदोष भाग बॉयलरमध्ये नव्हताच.

नळी गोठली तर गरम, पण उकळते नव्हे, असे पाणी तांब्याने नळीवर ओतावे किंवा गरम पाण्याची पिशवी धरावी. उकळत्या पाण्याने प्लॅस्टिक तडकते, ज्वाला तर कधीच लावू नये, आणि उंचावर असेल तर बर्फाळ जमिनीवर शिडी लावण्यापेक्षा माणूस बोलवावा. पाणी मोकळे झाले की माहितीपुस्तिकेप्रमाणे बॉयलर रीसेट करावा. त्या रात्रीपुरते बॉयलरचे तापमान वाढवून तो सलग चालू ठेवला तर परतीचे पाणी गरम राहते, वाफ कमी साकळते आणि नळीत पाणी कमी येते. हा तात्पुरता उपाय आहे, कायमचा केला तर ज्या काटकसरीसाठी बॉयलर घेतला तीच जाते. नळीची जागा बदलणे अशक्य असेल तेव्हा थर्मोस्टॅट असलेली विजेची तापक पट्टी नळीला लावता येते.

आता ट्रॅपकडे येतो. बॉयलरच्या तळाशी असलेला वाकडा कप पाण्याने भरलेला असतो, आणि तेवढेच पाणी जळालेला वायू व आपले स्वयंपाकघर यांच्यामध्ये उभे असते. त्या पाण्याची उंची 75 मिलिमीटर असेल तर बॉयलरचा पंखा ते ढकलून बाहेर काढू शकत नाही. पण नव्या बॉयलरमध्ये तो कप कोरडा येतो. तो भरल्याशिवाय बॉयलर पेटवला, तर पाणी साचेपर्यंत वायू निचऱ्याच्या नळीतून निघतो, आणि आपल्याकडे ती नळी नरसाळ्यात सुटत असेल तर तो थेट स्वयंपाकघरात येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, ज्याला वास नाही आणि रंगही नाही. म्हणून पहिल्यांदा पेटवण्याआधी ट्रॅप पाण्याने भरणे आणि दर वर्षी तो काढून, धुऊन, पुन्हा भरून लावणे ही दोन कामे कारागिराने आपल्यासमोर करावीत. हीट एक्स्चेंजर ॲल्युमिनियमचा असेल तर वर्षभरात ट्रॅपमध्ये पांढरा-करडा चिकट गाळ साचलेला आढळतो. तो साफ न केल्याने तुंबलेले बॉयलर मी गोठलेल्यांइतकेच पाहिले आहेत. घर अनेक महिने बंद असेल तर ट्रॅपमधले पाणी आटते, तेव्हा परतल्यावर तो आधी भरून घ्यावा. बॉयलरच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावा, हे वेगळे सांगायला नको.

निचऱ्याची जागा बॉयलरपेक्षा उंचावर असेल, उदाहरणार्थ तळघरात, तर पंप लागतो. पंप मला फारसा आवडत नाही, कारण गुरुत्वाकर्षण बिघडत नाही आणि पंप बिघडतो. घ्यावाच लागला तर पाण्याची पातळी धोक्यापर्यंत चढताच बॉयलर बंद करणारा त्याचा सुरक्षा-स्विच बॉयलरच्या वायरिंगला खरोखर जोडला आहे का ते पाहावे. पुष्कळ ठिकाणी त्या दोन तारा गुंडाळून टेप लावून ठेवलेल्या असतात. चुनखडीचा डबा घरगुती गॅस बॉयलरला सहसा लागत नाही. जर्मनीतील प्रचलित मार्गदर्शनही 25 किलोवॉटपेक्षा लहान गॅस बॉयलरला साधारणपणे त्यातून सूट देते. पुढचा मार्ग बिडाचा किंवा सिमेंटचा असेल तर तो बसवावा, पण त्यातली खडी झिजत जाते आणि दर वर्षी भर घालावी लागते. खडी संपलेला डबा काहीच करत नाही. बॉयलरच्या दाब-सुरक्षा व्हॉल्व्हची तांब्याची नळी या निचऱ्याला जोडू नये. तिच्यातून कधी आलेच तर कढत पाणी दाबाने येते आणि ते बाहेर दिसेल अशा सुरक्षित जागीच पडायला हवे.

तेव्हा आपल्या कारागिराला एवढेच सांगावे: नळी सिंककडे न्यावी, नरसाळे सिंकच्या काठापेक्षा वर ठेवावे, उतार पाणसळीने दाखवावा. काम झाल्यावर, बॉयलर पेटवण्याआधी, माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या जागेतून ट्रॅपमध्ये लिटरभर पाणी हळूहळू ओतायला लावावे आणि आपण कपाट उघडून समोर बसावे. पाणी नरसाळ्यातून न थांबता गेले, कोठे फसफसले नाही, जोडांखाली धरलेला कोरडा कागद ओला झाला नाही, आणि ओतणे थांबवल्यावर काही क्षणांत शेवटचा थेंब पडून नळी रिकामी झाली, की मग गॅस सुरू करायला हरकत नाही.